बुटकी, घेरदार सदाफुली: कुंडी भरण्यापासून पावसाळा पार होईपर्यंत

दरवर्षी जुलै-ऑगस्ट आला की माझ्या फोनवर एकसारखे फोटो यायला लागतात. कुंडीत सदाफुली, माना टाकलेल्या, फांद्या टोकाकडून काळ्या पडलेल्या आणि खाली प्रश्न, "अगं रोज न चुकता पाणी घालते, तरी कशी काय वाळली?" तर ती वाळली नाहीये, कुजलीय. आणि कुजली ती त्या न चुकता घातलेल्या पाण्यानेच. मीपण पहिल्या वर्षी गच्चीत ओळीने नऊ कुंड्या लावल्या होत्या आणि गणपती येईपर्यंत त्यातल्या दोन उरल्या, त्यामुळे कुणाला हसायचा मला काही अधिकार नाही.

गंमत म्हणजे तीच सदाफुली सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीच्या फटीत, गटाराच्या कडेला सिमेंट उखडलंय तिथे, कुणी ढुंकून बघत नाही अशा जागी मजेत वाढते. फटीत माती चिमूटभर, पाणी येतं तसं निघून जातं, मुळांना हवा भरपूर. आपल्याला ती फट कुंडीत तयार करायचीय, बस. खालचे टप्पे दिलेत त्याच क्रमाने करा. बहुतेक लोक रोप आधी आणतात आणि माती-कुंडीचं नंतर बघू म्हणतात, तोवर रोप काळ्या पिशवीत आठ दिवस भिजत बसलेलं असतं.

टप्पा १: नक्की कुठली सदाफुली आणायची

नर्सरीत हिला 'विंका' म्हणतात, ते जुनं नाव चिकटून राहिलंय, आता शास्त्रीय नाव कॅथरँथस रोझियस आहे. हे सांगायचं कारण एवढंच की ऑनलाइन बी मागवताना 'विंका मायनर' असं काही लिहिलेलं पाकीट घेऊ नका, ती युरोपातली थंड हवेची, सावलीतली जमिनीवर पसरणारी वेल आहे, आपल्या उन्हात तिचं काही खरं नाही.

आपल्याकडे मिळणारे प्रकार तीन. देशी, म्हणजे आजीच्या अंगणातली, गुलाबी किंवा पांढरी, ती दोन-अडीच फूट उंच जाते आणि खालून पाय उघडे पडतात. दुसरी हायब्रिड, दहा ते चौदा इंचांवर थांबते, आपोआप फांद्या फोडून गोल ढिगासारखी होते, फुलं मोठी आणि पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या, लाल, जांभळा, पीच असे रंग मिळतात. तिसरी लटकती, टांगायच्या कुंडीसाठी. बुटका घेरदार ढीग हवा असेल तर हायब्रिड घ्या, किंवा देशीच घेऊन छाटणी करून घेर बनवा, तेही जमतं आणि माझ्या अनुभवात देशी पाऊस जरा जास्त सोसते.

रोप निवडताना फुलं किती लागलीत ते बघू नका. मातीच्या लगेच वर खोड बघा, काळपट किंवा पाण्यात भिजल्यासारखं असेल तर सोडून द्या. पिशवी हातात घेतली की चिखलासारखी जड लागते का ते बघा. दुकानदार हो म्हणत असेल तर पिशवीचा तळ किंचित उघडून मुळं बघा, पांढरी किंवा फिकट पिवळसर असावीत, तपकिरी आणि लिबलिबीत नकोत. उंच एकदांडी रोपापेक्षा बुटकं, चार-पाच फांद्यांचं, दोनच फुलं असलेलं रोप कधीही चांगलं.

पण अजून आणू नका हं. आधी पुढचे चार टप्पे.

टप्पा २: महिना आणि जागा

पहिला पाऊस पडला की सगळे नर्सरीत धावतात, बाकी झाडांना ते ठीक असेल, सदाफुलीला तो सगळ्यात वाईट मुहूर्त आहे. नवीन रोप, मुळं अजून पसरलेली नाहीत आणि वरून चार महिने ओल. पुणे-नाशिककडे फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत लावा, म्हणजे पावसाआधी मुळं धरायला तीनेक महिने मिळतात. विदर्भ-मराठवाड्यात फेब्रुवारीतच उरका, कारण एकदा मुळं धरली की ती मे महिन्याचं ऊन खुशाल काढते पण नवीन लावलेलं रोप त्यात करपतं. कोकणात आणि गोव्यात मी दसऱ्यानंतर, पाऊस पूर्ण थांबल्यावरच लावायला सांगेन.

डिसेंबर-जानेवारीत लावली तर मरत नाही पण बसून राहते. रात्री दहा-बारा डिग्रीपर्यंत उतरल्या की वाढ थांबते, पानं पिवळट होतात, लोक घाबरून खत घालतात. घालू नका, थंडी गेली की आपोआप हिरवी होते.

ऊन निदान सहा तास थेट. खिडकीच्या ग्रिलमध्ये दोन-तीन तास ऊन येत असेल तर तिथे ती जगेल पण लांबट, विरळ होईल, घेर येणार नाही आणि मग तुम्ही म्हणणार रोपच खराब होतं.

परदेशातल्यांसाठी एवढंच, जिथे बर्फ पडतं तिथे ही एका हंगामाची पाहुणी. माझी मावसबहीण न्यू जर्सीत मेच्या शेवटी, रात्रींचा गारठा संपल्यावर लावते आणि पहिल्या हिमाला ती काळी पडते. बारमाही म्हणून भरवसा ठेवायचा तो आपल्याकडे.

टप्पा ३: निचरा मोजा, अंदाज नको

"आमची माती चांगली आहे" असं सगळेच म्हणतात. मोजून बघा.

जमिनीत लावणार असाल तर एक फूट लांब, रुंद, खोल असा खड्डा खणा, काठोकाठ पाणी भरा आणि पूर्ण जिरू द्या. ते फक्त माती भिजवायला. मग पुन्हा भरा, पट्टी उभी धरून पाण्याची पातळी बघा आणि एका तासाने परत बघा. तासाला इंचभर किंवा जास्त उतरलं तर सरळ जमिनीत लावा. अर्ध्या इंचापेक्षा कमी उतरलं तर जमिनीत लावायचा विचार सोडा, गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफा, करा. काळ्या मातीत बहुतेक असंच होतं, ती पाणी धरते आणि सोडत नाही.

इथे एक चूक इतकी सर्रास होते की थांबून सांगते. काळ्या मातीत खड्डा खणायचा, त्यात वाळू-मुरूम-खताची छान हलकी माती भरायची आणि रोप लावायचं. ऐकायला बरोबर वाटतं. पण पाऊस पडला की आजूबाजूच्या काळ्या मातीतून पाणी त्या हलक्या खड्ड्यात येतं आणि खालून निघायला वाट नाही, म्हणजे तुम्ही रोपासाठी हौद बांधला. काळ्या मातीत खाली जायचंच नाही, वर यायचं. आठ-दहा इंच उंच गादीवाफा, कडेने सिमेंट न लावता नुसत्या विटा रचून, म्हणजे फटींतून पाणी निघतं.

कुंडीची चाचणी सोपी. भरलेल्या दहा इंची कुंडीत लिटरभर पाणी एकदम ओता. पंधरा-वीस सेकंदांत वरचं पाणी आत गेलं पाहिजे आणि मिनिटाभरात तळातून यायला लागलं पाहिजे. वर तळं साचून राहिलं तर मिश्रण परत करा. ही चाचणी रोप लावायच्या आधी करायची, नंतर करून फक्त मनस्ताप.

टप्पा ४: मिश्रण

मापाला घमेलं घ्या नाहीतर जुना डबा, फक्त सगळ्याला एकच माप.

- चाळलेली लाल माती किंवा पोयटा: २ भाग
- धुतलेली जाड वाळू: २ भाग
- पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत: १ भाग
- दर कुंडीला मूठभर निंबोळी पेंड

वाळूबद्दल दोन शब्द. आता नदीची वाळू सहज मिळत नाही, बांधकामाच्या दुकानात क्रश सँड मिळते, म्हणजे दगड फोडून केलेली. तिच्यात दगडाची पूड खूप असते आणि ती पूड मातीच्या फटी बुजवते, मग कुंडी सिमेंटसारखी बसते. बादलीत घेऊन हाताने ढवळून गढूळ पाणी ओतून टाका, तीन-चार वेळा, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ येईपर्यंत. प्लास्टरची बारीक वाळू तर नकोच. समुद्राची वाळू थेट उचलून आणू नका, खारट असते. वाळू नसेल तर बारीक मुरूम चालेल, विटांचे हरभऱ्याएवढे तुकडेही उत्तम, ते फुकटात मिळतात शिवाय.

आणि वाळू घालायची तर भरपूर घाला. चिकट मातीत एक मूठ वाळू घातली तर काहीही फरक पडत नाही, उलट ती जास्त घट्ट बसते.

कोकोपीटचं सध्या फार वेड आहे. उन्हाळ्यात बरं असतं पण पावसाळ्यात ते स्पंजासारखं पाणी धरून बसतं, वरून कोरडं दिसतं आणि आत गच्च ओलं. सदाफुलीच्या मिश्रणात घालायचंच असेल तर एकूण मातीच्या दहाव्या हिश्श्यापुढे जाऊ नका. कोकणात जिथे भाताचं तूस मिळतं तिथे अर्धवट भाजून, काळं करून ते घाला, हलकं राहतं.

तपासा: मिश्रण ओलसर करून मुठीत दाबा, मूठ उघडा, बोटाने टोचा. भुसभुशीत होऊन मोडलं तर बरोबर. लाडू वळला गेला आणि तसाच राहिला तर अजून अर्धा भाग वाळू.

टप्पा ५: कुंडी

पसरट घ्या. दहा-बारा इंच तोंड आणि आठ इंच खोली पुरते, मुळं फार खोल जात नाहीत. मोठ्या खोल कुंडीत एकच छोटं रोप लावलं की खालची माती महिनोन्महिने ओली राहते कारण ते पाणी प्यायला तिथे मुळंच नसतात. मातीची कुंडी मिळाली तर सोनं, तिच्या अंगातून ओल उडते. प्लास्टिकची असेल तर तळाला बोटाएवढी पाच-सहा भोकं हवीत, नसतील तर गरम केलेल्या सळईने पाडा.

आता तळाला विटांचे तुकडे, खडी यांचा दोन-तीन इंच थर द्यायची पद्धत. मीही वर्षानुवर्षं दिला. त्याने निचरा वाढत नाही. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण गच्च झाल्याशिवाय ते खाली सोडतच नाही, ओला स्पंज हातात आडवा धरला तर त्याच्या तळाशी पाणी राहतंच ना, तसं. तो ओला थर कुंडीच्या तळाशी राहायचा तो आता खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ आला. म्हणजे खडीने मातीची जागा खाल्ली आणि ओल वर ढकलली. भोकावर एक खापराचा वाकडा तुकडा किंवा नायलॉनच्या जाळीचा तुकडा, माती वाहू नये म्हणून, बाकी तळापासून वरपर्यंत एकच मिश्रण.

कुंडीखालची थाळी काढून टाका. फरशी खराब होते म्हणून ठेवावीच लागत असेल तर पाणी घातल्यावर दहा मिनिटांनी रिकामी करा. कुंडी दोन विटांवर ठेवा, भोकं फरशीला टेकलेली असतील तर ती असून नसल्यासारखी.

टप्पा ६: बियांपासून करायची असेल तर

रोपं विकत आणणार असाल तर हा टप्पा सोडून पुढे जा.

सदाफुलीचं बी अंधारात रुजतं, इथेच बहुतेकांचं चुकतं. वर उघडं ठेवून उन्हात ट्रे ठेवतात आणि मग बी खराब निघालं म्हणतात. ट्रेमध्ये ओलसर बारीक मिश्रण भरा, कोकोपीट इथे चालेल पण पिळून, बी टाका, वर तीन-चार मिलिमीटर मिश्रण पसरा आणि ट्रे वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्यांनी झाका. ऊबदार जागा हवी, साधारण २४ ते २७ डिग्री, म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी पेरलेलं डिसेंबरात पेरलेल्यापेक्षा पटकन येतं. सात ते दहा दिवस लागतात.

सावध: पाचव्या दिवसापासून रोज कागद उचलून बघा. पहिले कोंब दिसले की त्याच दिवशी झाकण काढा, एक दिवसही उशीर झाला तर रोपं पांढरी आणि दोऱ्यासारखी लांब होतात, ती पुढे सुधारत नाहीत.

कोंब आल्यावर पाणी कमी करा, वरून शिंपडायचं नाही, ट्रे पाण्याच्या ताटलीत पाच मिनिटं ठेवून खालून प्यायला द्या. रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडायला लागली तर ती बुरशी आहे, तेवढी कोपऱ्यातली माती रोपांसकट काढून टाका आणि बाकीच्यांना हवा लागू द्या. खऱ्या पानांच्या तीन जोड्या आल्या की, साधारण दीड महिन्याने, छोट्या पिशवीत हलवा.

टप्पा ७: लावणी

आता रोप आणा. संध्याकाळी लावा.

नर्सरीतलं रोप बहुतेक वेळा चिकट लाल मातीच्या गोळ्यात असतं, आणि आपण तो गोळा तसाच आपल्या सुंदर भुसभुशीत मिश्रणात ठेवतो. मग होतं काय, पाणी आपल्या मिश्रणातून भरकन निघून जातं, गोळा एकतर दगडासारखा कोरडा राहतो, नाहीतर एकदा भिजला की आठवडा आठवडा सुकत नाही, आणि सगळी मुळं त्या गोळ्यातच असतात. माझ्या त्या नऊ कुंड्यांपैकी मेलेली रोपं उपटून बघितली तर प्रत्येकाच्या बुडाशी तो लाल गोळा जसाच्या तसा होता, चिखलाचा.

तर करायचं असं. आदल्या दिवशी पिशवीला पाणी घालून ठेवा. लावताना पिशवी ब्लेडने कापा, रोप ओढून काढू नका. गोळ्याची बाहेरची बोटाच्या पेराएवढी माती हलक्या हाताने मोकळी करा, तळाशी मुळं गोल गोल फिरलेली असतील तर ती सोडवा. पूर्ण धुवून काढू नका, हिला मुळांची जास्त ओढाताण सोसत नाही.

कुंडीत मिश्रण मध्यभागी किंचित उंच करा आणि रोप असं ठेवा की त्याच्या गोळ्याची वरची बाजू आजूबाजूच्या मातीपेक्षा सेंटिमीटरभर वर राहील. खोडावर माती चढवायची नाही. टोमॅटोला आपण खोलवर लावतो ती सवय इथे विसरा, पुरलेलं खोड कुजतं. वाफ्यात दोन रोपांत फूटभर अंतर ठेवा, सुरुवातीला रिकामं दिसतं, दोन-तीन महिन्यांत भरतं आणि मधून हवा खेळती राहते. दाटी केली की पावसाळ्यात एक गेलं की शेजारचं पण गेलंच.

वर पालापाचोळा पसरू नका, त्याऐवजी बारीक खडी किंवा विटांचा चुरा अर्धा इंच, खोडाला न टेकवता. पावसाचे थेंब मातीवर आपटून जो चिखल पानांवर उडतो ना, त्यातूनच बुरशी वर चढते, खडीने तो उडत नाही.

एकदा भरपूर पाणी द्या, तळातून निघेपर्यंत. तीन-चार दिवस दुपारच्या उन्हातून बाजूला ठेवा. खत अजिबात नाही.

टप्पा ८: पाणी

वेळापत्रक मागू नका, मी देणार नाही, कारण वेळापत्रकानेच ही मरते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओल लागली, पाणी नाही. कोरडं लागलं, तर सकाळी बुडाशी, तळातून निघेपर्यंत. अर्धा कप रोज हा प्रकार सगळ्यात वाईट, वरची माती कायम ओली आणि खालची मुळं उपाशी. एकदा पाणी घातल्यावर कुंडी उचलून बघा आणि सुकल्यावर उचलून बघा, आठ दिवसांत हाताला वजन कळायला लागतं, मग बोटसुद्धा घालावं लागत नाही.

गच्चीतल्या कुंडीला एप्रिल-मेमध्ये हे रोज किंवा एक दिवसाआड येईल, थंडीत चार-पाच दिवसांनी, पावसाळ्यात उघड्यावरच्या कुंडीला कित्येक आठवडे अजिबात नाही.

दुपारी पानं कडा वर वळवून मिटल्यासारखी दिसतात. लगेच पाइप घेऊन धावू नका! ती ऊन चुकवतेय. संध्याकाळी सातला परत बघा. पानं उघडली असतील तर काही करायचं नाही. संध्याकाळी पण मिटलेली आणि माती कोरडी असेल तर पाणी. आणि सकाळी सकाळी पानं लोंबलेली, माती मात्र ओली असेल तर मुळं कुजायला लागलीत, पाणी ताबडतोब बंद, टप्पा १० बघा.

टप्पा ९: खत, थोडक्यात

महिन्याने पहिल्यांदा मूठभर गांडूळखत, मग दीड-दोन महिन्यांनी एकदा. जास्त दिलं तर पानांचा ढीग आणि फुलं चार. केळीच्या सालीचं पाणी, तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, कांद्याच्या सालीचं पाणी, हे सगळं रोज एकेक करून घालणारी माणसं मला माहितीयेत, त्या निमित्ताने कुंडी कधी सुकतच नाही.

पिवळेपणाचं मात्र नीट बघा. खालची जुनी पानं पिवळी होऊन गळत असतील तर आधी पाणी जास्त होतंय का ते तपासा. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये, बोअरच्या जड पाण्यावर वाढलेल्या कुंड्यांत हे हमखास होतं, कारण हिला किंचित आम्लधर्मी माती लागते आणि क्षारांमुळे मातीतलं लोह अडकून पडतं. चिलेटेड आयर्न, म्हणजे झाडाला घेता येईल असं लोह, मिळतं, पाकिटावरच्या प्रमाणात पानांवर फवारा, आणि जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी द्या.

टप्पा १०: पावसाळा

याची तयारी मेच्या शेवटी करायची, जूनमध्ये नाही.

मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आतल्या दाट, वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा म्हणजे हवा खेळेल. मातीला टेकलेली पानं तोडा. थाळ्या उचला, कुंड्या विटांवर घ्या, भोकं काडीने मोकळी करा, वर्षभरात मुळांनी बुजलेली असतात. ट्रायकोडर्मा वापरत असाल तर ओलसर शेणखतात किलोला चमचाभर मिसळून, दोन दिवस सावलीत ठेवून मग मातीत द्या. ही उपयोगी बुरशी आहे, रोग आल्यावर नाही, आधी द्यायची असते.

मग जागा. पत्र्याखाली, बाल्कनीच्या कडेला, जिथे उजेड येतो पण सरळ धार येत नाही तिथे हलवा. माहेरी रत्नागिरीकडे आई कुंड्या पडवीत भिंतीलगत घेते, पण आधी ती त्या नेमक्या पागोळीखाली ठेवायची, छपराचं सगळं पाणी एका रेषेत त्याच कुंड्यांत. वाफ्यातली झाडं हलवता येत नाहीत, त्यांच्या बाजूने वीतभर चर काढून पाण्याला वाट करून द्या.

सगळ्यात धोक्याचे दिवस धो धो पावसाचे नसतात, श्रावणातले असतात. ऊन-पाऊस, दमट, उबदार, वारा नाही. त्या दिवसांत रोज एक चक्कर मारा आणि फांद्यांची टोकं बघा. टोकाकडून तपकिरी-काळी होऊन फांदी लवकर मान टाकते, बाकी झाड हिरवंगार, ही फायटोफ्थोरा नावाची बुरशीसारखी भानगड, सदाफुलीचा मुख्य शत्रू.

एक-दोन फांद्याच असतील तर काळ्या भागाच्या दोन इंच खाली, हिरव्यात कापा, कात्री प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पुसा, कुंडी कोरड्या जागी न्या आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचं बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम घेऊन फवारा, हातमोजे घालून. ट्रायकोडर्मा घातला असेल तर हे मातीत ओतू नका, तांब्याने तोही मरतो. बुडाशी खोड काळं पडलं असेल तर झाड वाचवायच्या भानगडीत पडू नका, मातीसकट काढा, कंपोस्टमध्ये टाकू नका, ती माती दुसऱ्या सदाफुलीला वापरू नका, कुंडी साबणाने घासून कडक उन्हात ठेवा. जीव होत नाही हे मला कळतं, पण त्या एकाच्या मायेपोटी मी शेजारच्या चार घालवल्यात.

बाकी त्रास कमी. पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी उन्हाळ्यात येतात, पाण्याचा जोरात फवारा आणि लिटरला पाच मिली निंबोळी तेल साबणाच्या थेंबांसोबत, संध्याकाळी. बोटाएवढी हिरवी, डोक्यामागे निळे डोळ्यांसारखे ठिपके असलेली अळी दिसली तर ती कण्हेरीवर येते तीच, उचलून बाजूला टाका, चावत नाही. फुलं हिरवी, पानांसारखी यायला लागली आणि बारीक पानांचे झुपके झाले तर तो तुडतुड्यांमार्फत पसरणारा रोग आहे, त्याला औषध नाही, उपटा.

सावध: सदाफुलीची पानं 'शुगरवर चांगली' म्हणून सकाळी चावून खायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. नका करू. हे झाड विषारी आहे. याच्यापासून व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही कॅन्सरवरची औषधं काढतात, ती दवाखान्यात अगदी मोजून देतात, कुंडीतल्या पानात किती आहे ते मोजायला आपल्याकडे काही नाही. छाटणी झाली की हात धुवा, छाटलेला पाला शेळ्या-गुरांपुढे टाकू नका.

टप्पा ११: छाटणी, कटिंग आणि बी

घेर टिकवायचा तर वर्षातून दोनदा छाटणी. एकदा फेब्रुवारीच्या शेवटी थंडी सरल्यावर, एकदा ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर. एक तृतीयांश काढा, प्रत्येक फांदीवर निदान दोन जोड्या हिरवी पानं राहू द्या. खालच्या जुन्या, लाकडासारख्या उघड्या भागात कापलं तर बऱ्याचदा तिथून फूट येतच नाही. भर पावसात छाटणी करू नका, प्रत्येक काप म्हणजे उघडी जखम. देशी रोप असेल तर ते वीतभर असतानाच शेंडा खुडा, दोन फांद्या येतील, त्यांचे शेंडे परत खुडा, असं दोन-तीनदा केलं की तीही बरीच गोल होते. सुकलेली फुलं तोडत बसायची गरज नाही, ती स्वतःच गळतात.

दोन-तीन वर्षांनी झाड बुडाशी जून होतं, घेर मधून फाटतो. म्हणून ऑक्टोबरच्या छाटणीतले तीन-चार इंची कोवळे शेंडे फेकू नका, खालची पानं आणि फुलं-कळ्या काढून ओलसर वाळूत खोचा, सावलीत ठेवा, तीन-चार आठवड्यांत मुळं येतात. हायब्रिडचा तोच रंग हवा असेल तर हाच मार्ग, कारण तिच्या बियांतून आईसारखंच रोप येईल याचा भरवसा नसतो.

बी धरायचं असेल तर फुलांच्या जागी जोडीने बारीक शेंगा येतात त्यांच्यावर लक्ष ठेवा. हिरव्या तोडल्या तर बी कच्चं, तपकिरी होईपर्यंत थांबलात तर शेंग तडकते आणि बी कुठल्यातरी फटीत. पिवळट व्हायला लागल्या की तोडा आणि कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये नको, घाम धरतं. आत तीळासारखं पण अजून बारीक काळं बी मिळेल. पाकिटावर महिना आणि रंग लिहा. मी एका वर्षी लिहिला नाही आणि पांढऱ्या सदाफुलीचा अख्खा वाफा करायचा म्हणून पेरलेलं सगळं गुलाबी निघालं, ते अजून तसंच आहे.